सान आंद्रेसची मोजणी

ह्युस्टनकडच्या मराठी मंडळींत तेव्हा नवी ओळख झाली की पहिला प्रश्न आडनावाचा असायचा आणि दुसरा, 'कुठे असता?' दुसऱ्याचं उत्तर गावाचं नाव नसे, कंपनीचं असे. माझ्या मामाचं उत्तर हॉस्पिटल, केळकरकाकांचं तेलकंपनी, शेजारच्या जोशीकाकूंचं कुठलीशी बँक. आमच्या बाबांचं उत्तर मामीने परस्पर ठरवून टाकलं होतं. मंडळाच्या डिरेक्टरीत त्यांच्या नावापुढे तिने 'इंजिनिअर' असं लिहून दिलं. डिरेक्टरी छापून घरी आली तेव्हा आईने ती ओळ वाचली, पान मिटलं आणि कणीक मळायला घेतली. बाबांनी ती वाचली की नाही, मला कधीच कळलं नाही. आमच्या घरात त्या विषयावर अळीमिळी गुपचिळी होती, आणि ती सहा वर्षं टिकली. मोडली ती मी. तीच हकिकत मला इथे सांगायची आहे, आणि मला तिचा पश्चात्ताप वगैरे मुळीच नाही, हेही आधीच सांगते.

बाबा मोजणीदार होते. वाशीमकडे सरकारी भूमी अभिलेख खात्यात त्यांनी अठरा वर्षं शेतांच्या हद्दी मोजल्या. दोन भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोकी फोडायला निघाले की तालुक्याहून बाबा जायचे, साखळी टाकायचे, दगड रोवायचे, नकाशावर सही करायचे आणि ज्याच्या विरुद्ध मोजणी गेली त्याच्याच घरचा चहा पिऊन परत यायचे. मामाने आम्हाला अमेरिकेत बोलावून घेतलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. इथे त्यांच्या अठरा वर्षांना कुणी विचारलं नाही. पाइपलाइनी आणि नव्या कॉलन्या आखून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते लागले, आणि तिथे त्यांचं काम होतं रॉड धरायचं. म्हणजे दुसरा कुणी दुर्बिणीतून बघणार, आणि त्याला दिसावी म्हणून बाबा उंच आकड्यांची काठी घेऊन चिखलात, गवतात, जिथे सांगतील तिथे ताठ उभे राहणार. अंगात नारिंगी बंडी, पायांत गमबूट. टेक्सासमध्ये मे ते ऑक्टोबर हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडून असते. संध्याकाळी बाबा घरी यायचे ते गॅरेजच्या दाराने. गमबूट तिथेच निघायचे. आई बादलीत पाणी तयार ठेवायची आणि समोरच्या घरातून दिसू नये म्हणून गॅरेजचं शटर आधी खाली ओढायची. त्या शटरचा खडखडाट मला आजही ऐकू येतो, आणि आजही मला त्याचा राग येतो.

सकाळी बाबांना न्यायला जो पिकअप यायचा तो सिरिलोकाकांचा. सिरिलो बाबांच्याच टोळीत होते. टोळीपुढे चालत कोयत्याने झाडोरा छाटून दुर्बिणीला वाट मोकळी करून देणं हे त्यांचं काम. त्यांना काका म्हणायला मला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांच्या वयाचा, बाबांबरोबर डबा खाणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? मामीला मात्र ते ऐकून मिरच्या झोंबायच्या. त्यांची बायको ओफेलिया आम्ही डुकराची चरबी खात नाही म्हणून आमच्यासाठी वेगळे, तेल घालून मळलेले, घेवड्याचं सारण भरलेले तामालेस पाठवायची. मक्याच्या पिठाचे हे उकडलेले मुटके मक्याच्याच सालपटांत गुंडाळलेले असत. आई त्या बदल्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा पाठवायची. वऱ्हाडी ठेचा खाऊन हा माणूस घाम पुसेल, पाणी मागेल, अशी आईची फार आशा होती. सिरिलोकाकांनी बोटाने अख्खी वाटी साफ केली आणि नम्रपणे विचारलं, यात मिरची घालायची राहून गेली का? आई दोन दिवस घुश्श्यात होती. तिसऱ्या दिवशी तिने दुप्पट मिरच्या कुटल्या.

त्यांचं गाव सान आंद्रेस दे लास लोमास. मी तिथे पुढे दोनदा जाऊन आले, पण त्या आधीच मला ते पाठ होतं. मेक्सिकोच्या मध्यभागातल्या डोंगराळ मुलखात परातीसारखं एक खोरं आहे. परातीच्या तळाला मुख्य गाव, चर्च आणि चौक. पूर्वेला बोडका डोंगर, त्याला ते सेरो पेलोन म्हणतात. दोन ओढे. एक बारमाही, तो तळातून जातो आणि पावसाळ्यात चौकात शिरतो. दुसरा डोंगरावरून उतरतो आणि दिवाळीच्या सुमारास आटतो. डोंगराच्या उतारावर जुन्या पाच वस्त्यांच्या जागा, नुसते दगड उरलेले. एवढं सगळं मला कळलं ते आमच्या गॅरेजमध्ये. सिरिलोकाकांच्या भावाने गावाहून एक जुना सरकारी कागद पाठवला होता. झेरॉक्सची झेरॉक्स, चारशे वर्षांपूर्वीचा मजकूर, स्पेनच्या अमलातला. त्या बोडक्या डोंगरावर गावाचा हक्क की जुन्या जहागिरीच्या वारसांचा, असा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू होता आणि भाऊ गावाच्या जमीन कमिटीवर होता. 'तू तिकडे मोजणीवाल्या लोकांत काम करतोस, बघ कुणाला काही कळतं का,' असं त्याने लिहिलं होतं. कंपनीतल्या साहेबाने कागद उलटा धरून पाहिला आणि परत दिला. मग सिरिलोकाकांनी तो बाबांपुढे ठेवला.

बाबांना स्पॅनिश येत नव्हतं, सिरिलोकाकांना मराठी. मला शाळेत तीन वर्षं स्पॅनिश होतं. त्यामुळे कितीतरी शनिवारच्या दुपारी मी वॉशिंग मशीनवर बसून त्या किचकट अक्षरांतली एकेक ओळ सिरिलोकाकांच्या मदतीने लावायची आणि बाबांना मराठीत सांगायची. ज्या वयात माझ्या मैत्रिणी मॉलमध्ये जात होत्या त्या वयात मी हे करत होते, आणि मला त्याची आवड लागली होती. कागदात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की डोंगरावरच्या पाचही वस्त्या सरकारने उठवून खाली ओढ्याकाठी एका गावात कोंबल्या. विखुरलेल्या लोकांना धर्म शिकवायला आणि त्यांच्याकडून कर गोळा करायला अवघड जातं, असं कारण दिलं होतं. दुसरी अशी की त्यानंतर काही वर्षांनी एका स्पॅनिश गृहस्थाने मेंढरं चारायला तो डोंगर मागितला. अंमलदार जागेवर गेला, पाहणी केली आणि लिहिलं : जमीन ओसाड आहे, कुणाची वहिवाट नाही. तिथल्या देवळात दवंडी देऊन विचारलं, कुणीही हरकत घेतली नाही. सबब जमीन द्यावी.

बाबा उलट्या बादलीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "पाहणी कोन्त्या महिन्यात केली?"

मी शोधलं. "फेब्रुवारी."

"पीक कवा निघते तिकडं?"

सिरिलोकाका म्हणाले, नोव्हेंबरात. पुढचा पेरा थेट पावसावर, मे-जूनला.

"मंग फेब्रुवारीत रान मोकळंच दिसन का नाही? वाशीमले बी दिसते." बाबा हसले. "उभ्या पिकात मोजणी करत नाही आपन, हे बरोबर. पन मोकळं रान पाहून ओसाड लिवत नाही. आन दवंडी कुठं देल्ली?"

"जुन्या वस्तीतल्या देवळात."

"जिथून मानसं उठवली तिथंच?" बाबांचा आवाज चढला. एरवी त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. "रिकाम्या गावात दवंडी देल्ली तं हरकत घ्याले येईन कोन? भुतं?"

मी हे स्पॅनिशमध्ये सांगितलं तेव्हा सिरिलोकाका आधी मोठ्याने हसले आणि मग त्यांनी कागद उचलून ती ओळ स्वतः वाचली. बाबांनी मला तो सगळा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला, एकही शब्द न गाळता. अंमलदाराने शेवटी बारीकसं लिहिलं होतं, 'काही जुने माग्वे आहेत, ओळीने.' ती ओळ मी पहिल्यांदा कंटाळून सोडून दिली होती. माग्वे म्हणजे काय ते मला सांगता येईना, म्हणून सिरिलोकाकांनी पाकिटातून गावाचा फोटो काढला. बोडक्या डोंगरावर आडव्या रांगा, जाड, टोकदार, निळसर पानांच्या.

"हे तं घायपात!" बाबा बादलीवरून उठलेच. "धुऱ्यावर लावतो आपन. पोरी, घायपात आपल्या मनानं वळीत उगवत नाही. प्रत्येक वळ म्हंजे एक धुरा. त्यानं धुरे पाह्यले, सोताच्या हातानं लिवले आन वर लिवलं ओसाड!"

नंतर त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. साखळी टाकण्याआधी लगतदाराला, म्हणजे ज्याचं शेत लागून आहे त्याला, समोर बोलावायचं आणि त्याची हरकत विचारायची. तो जिथे राहतो तिथे जाऊन नोटीस द्यायची. लगतदार हजर नसेल तर ती मोजणी खोटी, मग साखळी सोन्याची का असेना. मी हे सगळं शाळेच्या वहीत लिहून घेतलं. आपला बाप किती हुशार आहे हे मला सोळाव्या वर्षी गॅरेजमध्ये कळलं.

आता मला लाज वाटणारी गोष्ट. त्याच वर्षी एका दुपारी आमची शाळेची बस सिग्नलला थांबली आणि शेजारच्या चरात बाबा काठी धरून उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि मोकळा हात वर केला. माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, "डू यू नो दॅट गाय?" मी नाही म्हणाले आणि मान फिरवली. घरी बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला दोन कानफटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पन्नाशी ओलांडल्यावरही वाटतं.

गणपतीत मंडळाने मुलांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली. विषय, 'एक गाव : भूगोल आणि इतिहास'. पाच मिनिटं, मराठीतून. नावं मामीकडे द्यायची होती. मी फॉर्मवर सान आंद्रेस लिहिलं.

मामीचा लगेच फोन. "अगं उजू, हे काय? मेक्सिको? आपला गणपती आहे, आपली मुलं आहेत. कारंजा घे, वाशीम घे. नाहीतर सिंहगड घे, मी तुला रेडीमेड स्पीच देते."

"मामी, टॉपिकमध्ये 'एक गाव' लिहिलंय. इंडियातलंच पाहिजे असं नाही लिहिलेलं."

"ते अंडरस्टूड असतं गं!"

"मग लिहायचं ना."

मामीने फोन आईला द्यायला सांगितला. आई बराच वेळ नुसती हं, हं करत होती. मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोदकांसाठी नारळ खवताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मेक्सिकोवर बोल, चंद्रावर बोल. पण ते तुला कुणी शिकवलं ते बोलू नकोस. तो सिरिलो, ते गॅरेज, बाबांचं काम. दादाने बोलावलं म्हणून आपण इथे आहोत, उजू. चार लोकांत त्याची मान खाली जायला नको."

"आणि बाबांची?"

आईने खवलेला नारळ एका बाजूला केला. "बाबांना त्याचं काही नाही," ती म्हणाली. हे खोटं होतं आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी तिला वचन दिलं नाही. नुसतं "बघू" म्हणाले. खरं सांगायचं तर मी काहीच ठरवलं नव्हतं. बसमध्ये मान फिरवणारी मुलगी मीच होते, स्टेजवर ऐनवेळी काय करीन याची मलाच खात्री नव्हती. मी एकच गोष्ट केली. सिरिलोकाकांना आणि ओफेलियाला यायचं आमंत्रण दिलं.

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. सिरिलोकाका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, ओफेलिया केसांत फूल माळून आली. बाबा त्यांना घेऊन शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाजवळ बसले. मामीने आईला विचारलेलं मी ऐकलं, "वन्सं, केटरिंगची माणसं आत का बसलीत?" आई सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. मामी वेळाधिकारी होती. तिच्यापुढे टेबलावर पूजेची घंटा होती. परीक्षक केळकरकाका. माझ्या आधी पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि पुन्हा पुणे होऊन गेलं होतं.

मी खोरं सांगितलं, दोन ओढे सांगितले, पाच वस्त्या सांगितल्या. बाबांनी मोठ्या कागदावर काढून दिलेला नकाशा भिंतीला लावला होता. अंमलदार, फेब्रुवारी, रिकाम्या देवळातली दवंडी, घायपाताच्या ओळी. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं म्हणून मी संपवलं. दोन-चार टाळ्या पडल्या. केळकरकाकांनी चष्मा वर केला.

"छान. कॉन्फिडन्स चांगला आहे. पण बेटा, तो ऑफिशियल डॉक्युमेंट आहे ना? गव्हर्नमेंटचा ऑफिसर स्वतः साइटवर जाऊन लिहितो की जमीन व्हेकंट आहे. आणि तू म्हणतेस ते चूक. हे कुठल्या पुस्तकात आहे? कुठल्या एक्स्पर्टने सांगितलं?"

आई पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मामा घड्याळाशी चाळा करत होता. लायब्ररीत वाचलं असं म्हणून सुटता आलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली होती. माझी अडचण होऊ नये म्हणून ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर, ते सांगता येत नाही. बहुधा माझ्यावरच.

"माझ्या बाबांनी सांगितलं," मी म्हणाले. "ते मोजणीदार आहेत. वाशीमला अठरा वर्षं होते. इथे सर्व्हेच्या क्रूवर रॉड धरतात. ते इंजिनिअर नाहीत. डिरेक्टरीत चुकीचं छापलंय. ते तिकडे शेवटच्या रांगेत बसलेत, आणि त्यांच्या शेजारी बसलेत ते माझे सिरिलोकाका. ते केटरिंगचे नाहीत. मी ज्या गावाबद्दल बोलतेय ते त्यांचं गाव आहे."

मामीने घंटा वाजवली. "टाइम संपला, उजू. थँक यू, नेक्स्ट."

बाबा उठले. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढे आले. मंडळात सहा वर्षांत त्यांना कुणी चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. ते नकाशाजवळ उभे राहिले, काठी धरतात तसेच ताठ. "केळकरसाहेब," ते म्हणाले, "पोरीनं बरोबर सांगतलं. फक्त उताराचं माप थोडं कमी सांगतलं, ते मी दुरुस्त करतो." आणि त्यांनी खरंच ते दुरुस्त केलं, बोटाने नकाशावर दाखवून. मग म्हणाले, "सरकारी कागद मीबी अठरा वर्सं लिवले. कागद कसा लिवतात ते मले म्हाईत आहे. लगतदाराले न बोलावता लिवला तं तो कागद नाही, रद्दी आहे."

मामी पुन्हा घंटेकडे हात नेत होती. तेवढ्यात आई उठली, टेबलाशी गेली, तिने घंटा उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "वहिनी, मोजणी अर्धी सोडून उठत नसतात," एवढंच ती बोलली आणि तिथेच उभी राहिली.

बक्षीस मला मिळालं नाही. माझं भाषण विषयाला सोडून होतं, असा शेरा आला. मामी दोन वर्षं आमच्याकडे जेवायला आली नाही, आणि मामा बिचारा गुपचूप येऊन पोह्यांवर ताव मारून जायचा. सान आंद्रेसचा डोंगर अजूनही पूर्ण सुटलेला नाही. माझ्या भाषणाने तो सुटणार होता असा माझा तेव्हाही भ्रम नव्हता. मुलं मला विचारतात, मग मिळवलंस काय? त्यांना मी त्या दुपारचा शेवट सांगते.

केळकरकाका अवघडून हसले होते. "बरं बरं, पण चारशे वर्षांपूर्वीचा लगतदार आता कुठून आणणार तुम्ही?"

"हजर आहे," बाबा म्हणाले. त्यांनी शेवटच्या रांगेकडे हात केला आणि मला म्हणाले, "विचार त्याईले. रीतसर विचार."

मी स्पॅनिशमध्ये विचारलं. सेरो पेलोनच्या मोजणीला आपली काही हरकत आहे का? सिरिलोकाका उभे राहिले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग गावाचं, आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. केळकरकाकांच्या हातात गुण लिहायचं पेन होतं. मी त्यांच्याकडे वळले.

"यांची हरकत आहे, काका," मी म्हणाले. "लिहून घ्या."